आधी पाय, मग बूट. पेडल सगळ्यात शेवटी

पत्र: मी नाशिकची, वय ४६, बँकेत नोकरी. तीन वर्षांपासून रोड बाइक चालवते. मागच्या दिवाळीत क्लीटचे शूज (सोलखाली पेडलमध्ये अडकणारा तुकडा असतो ते) आणि तीन बोल्टवाली पेडल घेतली. लाल क्लीट दुकानातल्या मुलानेच बसवून दिले. फेब्रुवारीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेत पूर्ण केली, पण चांदवडचा घाट यायच्या आधीच उजव्या चवड्याखाली आग व्हायला लागली. परतीच्या वाटेवर मधली दोन बोटं बधिर झाली. डाव्या पायाला जवळजवळ काही नाही. आता सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या प्रत्येक राइडला हेच होतं, आणि कधीकधी उजवा गुडघाही बाहेरच्या बाजूने दुखतो. त्यात महिन्याभरापूर्वी सिग्नलला पाय सुटला नाही आणि भर चौकात पडले. दुकानदार म्हणतो, कार्बन सोलचे शूज आणि वरच्या दर्जाचं पेडल घ्या. ग्रुपवाले म्हणतात, एसपीडी (लहान, दोन बोल्टच्या क्लीटची पेडल) घ्या. मैत्रीण म्हणते, साध्या पेडलवर परत ये. मला डिसेंबरात ३०० करायची आहे. कुठलं पेडल घेऊ? आणि एक शंका, कदाचित बाळबोध असेल: ज्या पेडलला पाय अडकतो त्याला ‘क्लिपलेस’ का म्हणतात?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न पेडलचा आहे, पण पत्रातल्या कामाच्या गोष्टी पेडलच्या नाहीत. फक्त उजवा पाय. मधली दोन बोटं. आणि दुसऱ्याने बसवलेले क्लीट. या तिन्हींचा छडा लागेपर्यंत, म्हणजे निदान पुढचा महिनाभर, पेडलवर एक रुपयाही खर्च करू नका. हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी नेमकी उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

माझ्या पहिल्या ३०० ला साताऱ्याच्या पुढे एका धाब्यावर बाजेवर बसून मी बूट काढले आणि एक जग भरून पाणी तळव्यांवर ओतलं. चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं. ती राइड मी तिथेच सोडली. घरी आल्यावर आधी नवी पेडल घेतली. पुढच्या शंभर किलोमीटरला निखारा जिथल्या तिथे. मग बूट बदलायला गेले, तर दुकानात सांगितलं की सायकलचा बूट घट्टच लागतो, म्हणून आणखी एक घट्ट बूट घेतला. दोन्ही वेळा पैसे गेले. शेवटी एका जुन्या, शांत स्वभावाच्या सायकलस्वाराने माझे बूट हातात घेऊन उलटे केले आणि विचारलं, ‘हे क्लीट इतके पुढे कोणी लावले?’ अ‍ॅलन-कीचं पाच मिनिटांचं काम होतं. त्याने आग अर्ध्यावर आली, आणि रुंद बूट घेतल्यावर पूर्ण गेली. पेडल बदलल्याने काहीच फरक पडला नव्हता.

आता तुमच्या पायात काय होतंय ते बघू. पावलात २६ हाडं असतात. त्यातली पाच लांब हाडं चवड्यापर्यंत येतात आणि तिथे त्यांची गोल टोकं शेजारी शेजारी बसतात. या टोकांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. चालताना टाच, कड, चवडा, अंगठा असा भार फिरत राहतो. सायकलवर तसं होत नाही. चवड्याची एकच जागा, तिच्याखाली क्लीट, क्लीटखाली पेडल. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५१०० वेळा त्याच जागेवर दाब येतो. त्यात उन्हाने आणि तासन्‌तास पाय लटकल्याने पाऊल सुजतं. बूट सुजत नाही. जागा कमी पडली की हाडं बाजूंनी एकमेकांवर रेलतात, नस चेपली जाते, आधी आग होते, मग मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी हाच आहे.

सायकलकडे वळण्याआधी एक गोष्ट, आणि ती टाळू नका. घरी असताना, चपलेत किंवा अनवाणी चालतानाही बोटांना मुंग्या येत असतील, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या बेचक्यात खडा अडकल्यासारखं वाटत असेल, किंवा राइडनंतर दुसऱ्या दिवशीही बधिरपणा टिकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवा. त्या बेचक्यातली नस जाड होण्याचा एक त्रास असतो, त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात, आणि तो क्लीट सरकवून पूर्ण जात नाही. दोन्ही पाय बधिर होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. तुमचा त्रास एकाच पायाचा आणि फक्त सायकलवरचा आहे, म्हणून मला मधुमेहाची शंका येत नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्या बायकांनी ही तपासणी एरवीही करायलाच हवी.

आता बूट. संध्याकाळी, दिवसभराच्या उभ्या कामानंतर, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि राइडचे मोजे घालून त्यावर उभ्या राहा. बसून नाही, उभं राहूनच, कारण भार आल्यावर पाऊल पसरतं. घरातल्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांच्या कडेने रेघ मारायला सांगा. मग बुटातला आतला सोल बाहेर काढा आणि त्या रेघेवर ठेवा. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मागच्या उंचवट्यांपाशी तुमची रेघ सोलच्या बाहेर जाते का, ते बघा. सोलवर उभं राहूनही बघता येतं, कडेवरून मांस ओघळलेलं दिसलं की समजा. माझा अंदाज आहे की उजव्या पायाची रेघ बाहेर जाईल. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असतं, आणि बूट घेताना आपण नेमका लहान पाय आत घालून बघतो. तुम्हाला मुलं असतील तर हेही लक्षात घ्या की बाळंतपणात अनेकींचं पाऊल वाढतं आणि नंतर ते परत लहान होत नाही. लग्नाच्या वेळचा नंबर आपण वीस वर्षं सांगत राहतो.

रेघ बाहेर गेली तर बूटच अरुंद आहे, आणि त्यावर कुठल्याच पेडलचा इलाज चालणार नाही. एक नंबर मोठा बूट घेणं हे त्याचं उत्तर नाही. तसं केलं की लांबी वाढते, टाच आत उचकते, आणि रुंदीत फारसा फरक पडत नाही. रुंद साच्याचा बूट मागा. शिमानोच्या काही बुटांत तोच नंबर रुंद प्रकारात मिळतो, आणि लेक ही कंपनी तर रुंद पावलांसाठीच ओळखली जाते. दुकानात संध्याकाळी जा, राइडचे मोजे घालून जा, मोठा पाय आधी आत घाला. पुढे अर्ध्या अंगठ्याइतकी मोकळी जागा हवी, बोटं हलवता आली पाहिजेत, टाच मात्र हलता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ असं कोणी म्हटलं तर बूट खाली ठेवा. चामड्याच्या चपलेला ते लागू पडतं. सायकलच्या बुटाचा वरचा भाग किंचित सैलावतो, खालचा कडक सोल रुंदीला तसूभरही वाढत नाही.

दुकानदाराने सुचवलेल्या कार्बन सोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला तो नको. सोल पूर्ण मऊ असेल तर क्लीटचा तुकडा तळव्याला टोचतो, हे खरं. म्हणून सायकलच्या बुटाला कडकपणा लागतोच. पण त्यालाही मर्यादा आहे. तळव्याखालचा दाब मोजून केलेल्या एका जुन्या अभ्यासात, २००३ सालच्या, कार्बन सोलच्या बुटांत सर्वाधिक दाब प्लॅस्टिक सोलपेक्षा जास्त निघाला होता. शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला ताकद लावणाऱ्याला कार्बनचा उपयोग असेल. चौदा-पंधरा तास सीटवर बसणाऱ्या माणसाला नायलॉनचा, मध्यम कडक सोल बरा. तो स्वस्तही असतो, पण मी तेवढ्यासाठी सांगत नाहीये.

बुटाचे पट्टे कसे बांधता? बहुतेकजण पुढचा, बोटांजवळचा पट्टा सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट आवळतात. उलट करा. पाऊल धरून ठेवायचं काम वरच्या, घोट्याजवळच्या पट्ट्याचं. बोटांजवळचा पट्टा फक्त टेकलेला हवा, त्याखाली बोट सरकलं पाहिजे. पिंपळगाव बसवंतला चहाला थांबाल तेव्हा, आग सुरू व्हायची वाट न बघता, तो आणखी एक खाच ढिला करा. एकदा आग पेटली की ढिला करूनही ती तासभर शांत होत नाही. मोजे पातळ आणि घाम सुकवणारे घ्या. जाड सुती मोज्याने मऊपणा येतो असं वाटतं, पण त्याने बुटातली जागाच खाल्ली जाते, आणि घामाने ओला झाला की तो चुरगळतो.

आता क्लीट. दोन्ही बूट उलटे करून शेजारी शेजारी ठेवा, टाचा एका रेषेत. उजवा क्लीट डाव्यापेक्षा पुढे, म्हणजे बोटांकडे, सरकलेला दिसतोय का? आजवर ज्यांनी ज्यांनी मला ‘एकाच पायाला होतं’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे क्लीट दोन पायांत दोन जागी होते. घाईत बसवताना हे सहज होतं.

नेमकी जागा शोधायची माझी पद्धत घरगुती आहे, पण चुकत नाही. पावलाच्या आतल्या कडेने बोट फिरवा. अंगठ्याच्या मागे जो ठळक उंचवटा लागतो, त्याच्या मध्यावर मोज्याच्या वरून एक टिकली चिकटवा. बाहेरच्या कडेने करंगळीच्या मागचा उंचवटा शोधा, तो थोडा मागे असतो, तिथे दुसरी टिकली. जरा फुगीर, खड्याची टिकली घ्या. आता बूट घाला, पट्टे लावा, उभ्या राहा. बुटावरून चाचपडलं की खडे बोटाला लागतात. त्या दोन्ही जागांवर बाहेरून चिकटपट्टीचे तुकडे लावा. बूट काढून उलटा केला की सोलच्या दोन्ही कडांना तुम्हाला दोन खुणा मिळतील. पेडलचा दांडा त्या दोन खुणांच्या मधून गेला पाहिजे. क्लीटच्या कडेला मध्यरेषेची बारीक खूण असते, ती या पट्ट्यात आणायची. शर्यतवाले पुढच्या खुणेच्या जवळ राहतात. लांब पल्ल्याला आणि जळत्या चवड्याला मागची, करंगळीकडची खूण जवळ करा. क्लीट मागे गेला की दाब चवड्याच्या टोकांवरून थोडा मध्याकडे येतो, आणि पोटरीलाही आराम मिळतो.

एकदम सगळं सरकवू नका. तीन मिलिमीटर मागे, मग तीस-चाळीस किलोमीटरच्या दोन राइड, मग पुन्हा बघा. आधीच्या जागेभोवती पेनने रेघ मारून ठेवा म्हणजे परतीची वाट राहते. क्लीट बराच मागे नेलात तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी लागेल, कारण पाय पेडलच्या पुढे गेल्याने गुडघा जास्त ताणला जातो. बोल्ट नीट आवळा आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा एकदा तपासा. क्लीट ढिला असेल तर टाच फिरवली की नुसता बूट फिरतो, क्लीट पेडलमध्येच अडकून राहतो. तुमचं चौकातलं पडणं त्यामुळे तर नव्हतं ना, हेही बघून घ्या.

आणि रंग! तुम्ही लाल क्लीट लिहिलंय, कंपनी लिहिली नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. शिमानोच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य अंश: टाच इकडची तिकडे होणारच नाही. निळा २ अंश, पिवळा ६ अंश. लुकच्या केओ क्लीटमध्ये मात्र काळा शून्य, राखाडी साडेचार आणि लाल ९ अंश, म्हणजे सगळ्यात मोकळा. एकच लाल रंग, एकीकडे खिळा ठोकल्यासारखा घट्ट, दुसरीकडे सर्वांत सैल. तुमचं पेडल शिमानोचं असेल तर तुमच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं उत्तर बहुधा या रंगात आहे. टाचेला ज्या कोनात राहायचंय त्या कोनात ती राहू शकत नाही, आणि तो पीळ वर गुडघ्यापर्यंत जातो. पिवळे क्लीट आणा. महिनाभर रुपया खर्च करू नका म्हणाले, त्याला हा एवढा अपवाद. लुकचं असेल तर रंगाला दोष नाही, क्लीट वाकडा बसलाय का ते बघा.

हे करूनही थोडी आग उरली, तर चवड्याचा पॅड लावून बघा. सिलिकॉनची किंवा फोमची छोटी उशी असते, सर्जिकलच्या दुकानात मिळते. ती लावताना जवळजवळ सगळेच चुकतात. दुखतंय तिथे, चवड्याच्या बरोबर खाली, ती चिकटवतात, आणि दाब आणखी वाढतो. ती दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या दिशेने सेंटिमीटरभर अंतरावर लागते. तिथून तिने हाडांना किंचित उचललं की त्यांच्यातल्या फटी उघडतात आणि नसेला जागा मिळते.

तुमचा गिअर कसा असतो, ते तुम्ही लिहिलं नाहीत. चांदवडच्या घाटात मोठ्या गिअरवर जोर लावत असाल, तर तेही एक कारण आहे. हिशोब सोपा आहे: तोच वेग मिनिटाला ९० फेऱ्यांनी गाठलात तर प्रत्येक फेऱ्याला जितका जोर लागतो, त्याच्या दीडपट जोर ६० फेऱ्यांना लागतो. तो सगळा जोर चवड्याखालून जातो. मागची मोठी दातेरी चकती कमीपणाची नाही. घाटात ती वापरा आणि पाय हलके फिरवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ उभं राहा, उतारावर पेडल थांबवून बोटं आत वळवा आणि पसरा. सीट फार उंच असेल तर पंजा खाली झुकतो आणि सगळा भार बोटांकडे जातो. कोणाला तरी मागून सायकल चालवत तुमचा व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे.

आता तुमची शंका. ती मुळीच बाळबोध नाही, माझ्या ओळखीतल्या निम्म्या सायकलस्वारांना तिचं उत्तर येत नाही. पूर्वी शर्यतीच्या पेडलवर धातूचा पिंजरा असायचा आणि त्यातून चामड्याचा पट्टा. पाऊल आत सरकवायचं आणि पट्टा हाताने ओढून आवळायचा. त्या पिंजऱ्याला ‘टो क्लिप’ म्हणत. लुक ही फ्रेंच कंपनी स्कीचे बूट पट्टीला अडकवणारी कळ बनवायची. पडल्यावर पाय आपोआप सुटावा अशी ती कळ. तीच कल्पना त्यांनी १९८४ मध्ये पेडलवर आणली. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने ती पेडल लावून टूर द फ्रान्स जिंकली, आणि काही वर्षांत पिंजरे शर्यतींतून नाहीसे झाले. पिंजरा, म्हणजे क्लिप, नाही म्हणून ‘क्लिपलेस’. नाव गेलेल्या वस्तूवरून पडलं. १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणली. ती डोंगरातल्या सायकलींसाठी होती: क्लीट लहान, धातूचा, दोन बोल्टचा, आणि सोलच्या खाचेत दडलेला, म्हणजे चिखलात उतरून चालता येईल असा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

तुम्ही ब्रेव्हे, म्हणजे बीआरएमसारख्या राइड, करता. ब्रेव्हेत माणूस सायकलवरून सतत उतरतो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायला, पेट्रोलपंपावर बाटल्या भरायला, धाब्याच्या मागच्या स्वच्छतागृहापर्यंत, पंक्चर झालं तर खडीच्या कडेकडेने. तीन बोल्टवाला प्लॅस्टिकचा मोठा क्लीट सोलच्या बाहेर असतो. त्यावर बदकासारखं चालावं लागतं, पेट्रोलपंपाच्या तेलकट फरशीवर तो घसरतो, आणि खडीवर लवकर झिजतो. झिजला की पाय नीट अडकत नाही. मोठ्या क्लीटने दाब जास्त जागेवर पसरतो, हा त्याचा खरा फायदा. पण सोल पुरेसा कडक असेल तर चवड्याला तो फरक फारसा जाणवत नाही.

म्हणून पेडल बदलायचंच ठरलं, तर तुमच्यासाठी दोन बोल्टची एसपीडी. दोन्ही बाजूंनी पाय अडकणारी साधी घ्या. शिमानोची एम५२० वर्षानुवर्षं टिकते आणि चिखल-पाण्याची तिला पर्वा नसते. एक बाजू सपाट आणि एक बाजू एसपीडी अशीही मिळते, शहरातल्या गर्दीत आणि चपलेत भाजी आणायला ती बरी. पण लांब राइडला दर वेळी पेडल पायाने उलटं करून योग्य बाजू शोधावी लागते, मला ते कंटाळवाणं वाटतं. स्पीडप्लेचं पेडलही लोक सुचवतील. टाचेची मोकळीक त्यात १५ अंशांपर्यंत आणि हवी तशी नेमता येते, गुडघ्याचं जुनं दुखणं असणाऱ्यांना ते मानवतं. पण ते महाग आहे आणि त्याच्या क्लीटमध्ये माती गेली की कुरकुरतं. तुमच्या गुडघ्याला पिवळा क्लीट किंवा एसपीडीची मोकळीक पुरेल असं वाटतं.

पेडल घरी बदललंत तर एवढं लक्षात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सोडवायला पान्हा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी निघता निघणार नाही.

पण तुमच्या मैत्रिणीचंही मी ऐकते. पाय पेडलला अडकलेला असला की खालून वर ओढता येतो आणि वेग वाढतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. प्रत्यक्षात एका लयीत सायकल चालवणारा माणूस, अगदी व्यावसायिकसुद्धा, वर फारसा ओढत नाही. वर येणारा पाय फक्त हलका करतो. ताकद खाली दाबतानाच जाते. क्लीटचा खरा उपयोग असा, की पाऊल रोज त्याच जागी बसतं, पावसात घसरत नाही, आणि खराब रस्त्यावर पेडलवरून उडत नाही. जागा चुकीची असेल तर तीच चूक तासाला ५१०० वेळा होते, हे मात्र त्याचं दुसरं अंग. दोन रविवार तुम्ही जाड सोलच्या साध्या बुटांत आणि रुंद सपाट पेडलवर चांदवडपर्यंत जाऊन या. पेडल कोणाकडून तरी उसनी मिळतील. आग झालीच नाही तर दोष बुटाचा किंवा क्लीटच्या जागेचा, हे पक्कं. तिथेही आग झाली तर डॉक्टर. आणि सपाट पेडलवरच मन रमलं तर तशीच ३०० करा. २० तासांच्या मर्यादेत ती सपाट पेडलवर करणारे लोक आहेत, आणि ब्रेव्हे कार्डावर पेडलचा रकाना नसतो.

चौकातल्या पडण्याबद्दल. लागलं नसेल, अशी आशा करते. सगळेजण एकदा तरी असे पडतात, आणि जवळजवळ नेहमी थांबता थांबता, वेग शून्य असताना. कारण एकच: पाय सोडायची आठवण ब्रेक लावल्यानंतर येते. ती ब्रेकच्या आधी यायला हवी. सिग्नल दिसला, लाल असो वा हिरवा, डावी टाच बाहेर फिरवायची, पाऊल पेडलवर मोकळं ठेवायचं, मग ब्रेक. डावाच पाय, कारण आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे आणि ट्रक उजवीकडे. पेडलवर ताण कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो कमीच्या टोकाला न्या आणि वर्षभर तिथेच ठेवा. एसपीडी घेतलीत तर त्याबरोबर येणाऱ्या क्लीटऐवजी एसएच-५६ मागा. तो टाच कुठल्याही बाजूला किंवा वर झटकली तरी सुटतो, घाबरलेला पाय नेमकं तेच करतो. मग एखाद्या मैदानात, गवतावर, पन्नास वेळा अडकवा आणि पन्नास वेळा सोडा. दोन संध्याकाळी तेवढंच करा.

डिसेंबरच्या ३०० च्या आधी शेवटचे तीन आठवडे काहीही बदलू नका, मोजेसुद्धा नाही. जे बदलायचंय ते दसऱ्यापर्यंत बदलून त्यावर एक १५० आणि एक २०० करून घ्या. खिशात ४ मिलिमीटरची अ‍ॅलन-की ठेवा, क्लीटचे बोल्ट तिनेच फिरतात. उजव्या पायाने वाटेत तक्रार केली तर कंट्रोलवर दोन मिलिमीटर मागे घेता येईल.

वर्तमानपत्रावरची रेघ मारून झाली की दोन्ही पावलांची रुंदी मोजून मला कळवा, आणि उलट्या बुटांचा फोटोही पाठवा. क्लीटवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते फोटोत दिसेल असं बघा.